कोठ्यात निघालेला जुना डोंगा कुठला, कोणाचा, किती जुना?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पवनी तालुक्यात, वैनगंगेपासून दीडेक कोसावर, मामांच्या पडीक कोठ्यात (गुरांच्या गोठ्यात) एकाच खोडातून कोरलेला डोंगा, म्हणजे होडी, निघाला. लांबी १७ फुटांच्या आसपास, रुंदी पावणेदोन फूट. एक टोक तुटलेलं, तळाला दोन जागी पत्र्याची ठिगळं, एकाच बाजूच्या काठावर ओळीने चार भोकं. गावातले म्हातारे म्हणतात, नागपूरकर भोसल्यांच्या काळातला आहे. जुन्या सामानाचा एक व्यापारी विकत मागतो आहे. आणि परदेशी होड्यांवर कारखान्याचा नंबर असतो तसा यावर कुठे शोधायचा, हे तुम्हाला हवं आहे.

नंबराचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. तुम्ही जे वाचलंत ते खरं आहे, पण ते अमेरिका-कॅनडातल्या कारखान्यांच्या कॅनूबद्दल आहे. त्या लाकडी बरगड्यांच्या असतात, बरगड्यांवर पातळ फळ्या आणि वरून ताणून रंगवलेलं कॅनव्हास. मेन राज्यातल्या ओल्ड टाउन कंपनीच्या कॅनूला आतून, टोकाच्या लाकडावर नंबर ठोकलेला असतो. त्या कंपनीच्या जुन्या नोंदी शिल्लक आहेत, म्हणून नुसत्या नंबरावरून होडीची लांबी, लाकूड, रंग आणि कोणत्या तारखेला कुठे रवाना झाली इथपर्यंत कळतं. तुमच्या फोटोत ना बरगडी आहे ना फळी. हा आपल्याकडचा डोंगा आहे, आणि डोंगा कोरणाऱ्याने कधी वही ठेवली नाही.

तरीही टोकावर एक खूण शोधायला हरकत नाही. ती होडीची नसेल, ओंडक्याची असेल. मी वनखात्याच्या लाकूड डेपोत माल मोजण्यात, प्रत लावण्यात नोकरी घातली, म्हणून माझी नजर आधी तिथेच जाते. सरकारी जंगलातून निघालेल्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याचा ठसा मारतात, शिवाय नगाचा आणि कूपाचा, म्हणजे तोडीच्या पट्ट्याचा, आकडा. डोंगा कोरताना बहुतेक ठसे तासले जातात, पण मागचं टोक जाड आणि बोथट ठेवलेलं असेल तर तिथे ठशाचा अर्धामुर्धा गोल राहून जातो. तुमचं एक टोक शाबूत आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि त्या तोंडाचे फोटो काढा. दिवसा डोळ्याला न दिसणारा खोलगटपणा आडव्या उजेडात उठून दिसतो.

ठसा सापडला नाही म्हणून लाकूड चोरीचं, असा निष्कर्ष मात्र काढू नका. भंडारा-चांदा (चंद्रपूर) भागातलं बरंच जंगल मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या गावमालकांच्या) आणि जमीनदारांच्या मालकीचं होतं. मालकी हक्क संपवण्याचा कायदा १९५० चा, अंमल १९५१ पासून. त्याआधी मालगुजाराच्या जंगलातलं झाड त्याच्या तोंडी परवानगीने पडायचं आणि त्यावर सरकारी हातोडा पडण्याचं कारणच नव्हतं. त्यामुळे ठसा असला तर खूप काही सांगतो, नसला तर काहीच सांगत नाही.

आता एक विनंती, आणि ती आजच पाळा. डोंगा धुऊ नका, घासू नका, तेल-वार्निश लावू नका. आतली माती, शेण, डांबराचे पापुद्रे, पत्र्याखालचा चिंध्यांचा लगदा, टोकावर शेंदूर असेल तर तो, सगळं आहे तसं राहू द्या. लोक हौसेने प्रेशर पंपाने धुतात आणि मग मला विचारतात की काही कळेल का. कळण्यासारखं बहुतेक तेव्हा नालीत गेलेलं असतं.

मूळ मुद्द्याकडे येतो. ‘डोंगा कुठला’ या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत: झाड कुठलं, कोरला कुठे, आणि चालला कोणत्या पाण्यावर. तिन्हींची उत्तरं वेगळी निघू शकतात. झाड बालाघाटचं, कारागीर एका गावचा, घाट तिसऱ्याच गावचा, आणि शेवटी डोंगा तुमच्या कोठ्यात. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटवरून आपल्याकडे येते. पुरात सुटलेला डोंगा वरून खाली कितीही लांब येईल, खालून वर आपोआप येणार नाही. म्हणजे शोध बहुधा नदीच्या वरच्या अंगाला घ्यावा लागतो. या तिन्हींपैकी मी नेहमी पाण्यापासून सुरू करतो. वयाचा प्रश्न सगळ्यांना गोड वाटतो, पण डोंगा कोणत्या घाटावर किंवा कोणत्या तलावात होता हे कळलं की वयाच्या दोन्ही कडा बऱ्याचदा आपोआप हाती येतात. घाट कधी सुरू होता आणि पूल कधी झाला, हे गावाला माहीत असतं.

पाणी ओळखायचं डोंग्याच्या पोटावरून. नदीवरचा डोंगा रोज वाळूवर ओढला जातो. त्याचा तळ लांबीच्या दिशेने घासून गुळगुळीत होतो आणि दोन्ही टोकांकडे जास्त झिजतो. तलावातला डोंगा चिखलात आणि साचलेल्या पाण्यात महिनोन्‌महिने उभा असतो. त्याचा तळ फारसा घासलेला नसतो, पण पाण्याच्या रेषेवर चारही बाजूंनी कुजका पट्टा पडतो. शिंगाडे तोडायला मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची माणसं जे डोंगे वापरत ते लहान, उथळ, एका माणसापुरते. १७ फुटांचा डोंगा शिंगाड्याच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, कोणी घालणार नाही. मोठ्या मालगुजारी तलावात जाळं टाकायला चालेल, नदीत तर नक्कीच.

आणि ती चार भोकं. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. एकाच काठावर, सारख्या अंतरावर, दोर किंवा खुंटी जाईल एवढी भोकं म्हणजे हा डोंगा एकटा चालत नव्हता. दोन डोंगे शेजारी ठेवून, आडव्या बल्ल्या बांधून, वर बांबूच्या तट्ट्या टाकल्या की त्यावर जनावरं, धानाची पोती, सुटी केलेली बंडी (बैलगाडी)सुद्धा पलीकडे जाते. भोकांच्या कडा नीट पाहा. दोराने झिजल्या असतील तर खालच्या किंवा बाहेरच्या बाजूला गुळगुळीत खाच पडलेली असेल. लोखंडी पट्टीचा बोल्ट असेल तर भोवती काळा-निळा डाग दिसेल. भोकांची कडा चारी बाजूंनी ताजी, टोकदार असेल तर ती नंतर, दुसऱ्याच कामासाठी पाडलेली आहेत. खाच निघाली, तर हा उतारघाटावरच्या, म्हणजे नावेने नदी ओलांडायच्या जागेवरच्या, जोडीतला एक डोंगा आहे आणि याचा जोडीदार कुठेतरी होता. गावात विचारताना ‘असाच दुसरा कोणाकडे होता का’ हे विसरू नका.

शेवटची काही वर्षं तो गुरांची डोणी, म्हणजे पाणी-चाऱ्याची कुंडी, म्हणून राहिला असणार, कारण तो कोठ्यातच निघाला. त्याच्याही खुणा असतात. एका काठावर गुरांच्या माना घासून चकाकी येते, तळाशी पाणी सोडायला भोक पाडून खुंटी ठोकलेली असते. या खुणा होडीच्या खुणांपासून वेगळ्या काढा, नाहीतर सगळी कथा एकमेकांत मिसळते. काही वेळा असं लांब कोरलेलं लाकूड मुळात डोणीच असतं, होडी कधी नसतंच. तळ बाजूंपेक्षा फार जाड आणि दोन्ही टोकं सरळ कापलेली असली की मला ती शंका येते. तुमचं शाबूत टोक खालून वर उचललेलं दिसतं, म्हणून ती शंका इथे नाही.

ठिगळांकडे या. पत्रा घासलेटच्या किंवा तुपाच्या डब्याचा असतो, आणि डबे बोलतात. पत्र्याची आतली, लाकडाकडची बाजू उजेडापासून झाकलेली असल्यामुळे कधीकधी तिथे छापलेली अक्षरं टिकतात. खिळे न काढता, पत्र्याची उचकटलेली कडा जिथे आहे तिथून मोबाईलचा कॅमेरा घालून पाहा. ‘बर्मा शेल’ दिसलं तर ठिगळ १९२८ नंतरचं, कारण त्या नावाची कंपनी तेव्हा सुरू झाली, आणि १९७६ मध्ये ती सरकारने घेतली. ‘डालडा’ दिसलं तर १९३७ नंतरचं. रेल्वेच्या भंगारातली पट्टी आणि तिच्यावर बंगाल नागपूर रेल्वेची अक्षरं असतील तर १८८७ च्या अलीकडचं. पण लक्षात घ्या, ही तारीख ठिगळाची. त्या दिवशी डोंगा वापरात होता आणि फुटण्याइतका जुना झाला होता, एवढंच सिद्ध होतं. डोंगा त्याच्या आधीचा असणार, किती आधीचा ते पत्रा सांगत नाही. डबा रिकामा झाला त्याच वर्षी ठोकला असंही नाही. आपल्याकडे चांगला पत्रा कोण फेकतो!

खिळ्यांचं तसंच. चौकोनी अंगाचे, डोकं वेडंवाकडं, एकासारखा दुसरा नाही, ते गावच्या लोहाराचे. गोल, सरळ, सगळे सारखे, ते कारखान्याचे. मात्र लोहार पुढेही बरीच वर्षं खिळे घडवत होते, म्हणून चौकोनी खिळा म्हणजे जुना असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. गोल खिळा म्हणजे फार जुना नाही, हे म्हणता येतं. फटीत काय भरलंय ते पाहा: अंबाडीचा किंवा सणाचा काथ्या आणि राळ, जवसाच्या तेलात कालवलेला चुना, की डांबर. डांबर म्हणजे रस्त्यांची कामं गावाजवळ पोचल्यानंतरचं. एम-सील दिसलं तर तुमच्या मामांनाच विचारा, त्यांना आठवत असेल.

लाकडावर मी थोडा जास्त बोलेन, ते माझं क्षेत्र आहे. तुटलेल्या टोकातून, आतल्या बाजूने, अंगठ्याएवढी ढलपी घ्या. नवीन ब्लेडने आडवं, म्हणजे ओंडका कापतात त्या दिशेने, स्वच्छ कापा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. वर्षाच्या कड्या स्पष्ट, प्रत्येक कडीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ, हाताला किंचित तेलकट, कातड्यासारखा वास: साग. बिजा ओळखायला सगळ्यात सोपा. ढलपी काचेच्या पेल्यात पाण्यात रात्रभर टाका. पाणी पिवळसर-तपकिरी होतं आणि उन्हात धरलं की त्यात निळी झाक मारते. मधुमेहवाल्यांसाठी बाजारात बिजाचे पेले विकतात, तेच लाकूड. हलदू पिवळा, अतिशय बारीक पोताचा. मोह जड, लालसर-तपकिरी, ब्लेडला दाद न देणारा. फिक्कट, हलकं, नखाने दबणारं लाकूड असेल तर काटेसावर, आणि मग ‘भोसल्यांचा काळ’ विसरा. सावरीचा डोंगा कोरायला सोपा असतो, पण भिजून-वाळून लवकर कुजतो. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा तो नव्हे.

मोहाचं निघालं तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. फुलं देणारं मोहाचं झाड आपल्याकडे सहसा कोणी पाडत नाही, त्याच्यावर घरं चालतात. मोहाचा डोंगा म्हणजे बहुधा वादळात पडलेलं किंवा वठलेलं झाड, आणि अशी मोठी झाडं पडल्याची आठवण गावात राहते. साल, म्हणजे सरई, निघाली तर झाड पूर्वेकडचं. आपल्या बाजूला साल जवळजवळ नाही, बालाघाट आणि छत्तीसगडकडे जंगलंच्या जंगलं आहेत. साग असेल तर त्याचा घेर मोजा. पावणेदोन फूट रुंदीचा डोंगा कोरायला झाडाची साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड धरून सहा फुटांपेक्षा जास्त घेराचा सरळ ओंडका लागतो. नैसर्गिक जंगलात एवढा साग व्हायला शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त वर्षं जातात. आलापल्लीकडे असे साग होते, भंडाऱ्याच्या बाजूला एवढे सरळ कमी.

भिंगावर भरवसा नसेल तर देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत शुल्क भरून लाकूड ओळखून मिळतं. तुकडा पाठवताना ‘डोंग्याचं लाकूड’ एवढंच लिहा, तुमचा अंदाज लिहू नका.

वयासाठी प्रयोगशाळेचा विचार तुमच्या मनात असेल. कार्बन चाचणी लखनौच्या बिरबल साहनी संस्थेसारख्या ठिकाणी होते, पण तुमच्या कामाची ती कमीच. साधारण १६५० ते १९५० या काळातल्या लाकडाला कार्बनची पद्धत नेमकं वर्ष देऊ शकत नाही, या तीनशे वर्षांत कुठेही बसेल असं उत्तर येतं. त्यानंतरच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला, म्हणून झाड १९५५ च्या आधीचं की नंतरचं एवढं मात्र स्पष्ट सांगता येतं. दुसरं असं की डोंग्यात झाडाचा गाभा उरतो. गाभा म्हणजे झाडाचं बालपण. झाड पडलं त्या वर्षाच्या कड्या कोरणाऱ्याच्या वाकसाखाली (तासणीखाली) केव्हाच निघून गेलेल्या असतात. चाचणीत १८२० आलं तरी झाड १९३० मध्ये पाडलेलं असू शकतं.

म्हणून भोसल्यांबद्दल. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं. त्याआधीचा डोंगा मानायचा तर तो जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपलीकडचा, आणि त्यातला बराच काळ पाण्यात गेलेला. अशक्य म्हणणार नाही, पण कोरड्या कोठ्यातही मला ते पटत नाही. पवनीला १९६९-७० च्या उत्खननात मौर्यकाळाच्या आसपासचे स्तूप निघाले. तेव्हापासून त्या पट्ट्यात कोणतीही जुनी वस्तू राजाच्या खालची नसते, हे मी कौतुकानेच म्हणतो. म्हाताऱ्यांचं ‘भोसल्यांच्या काळातला’ हे वाक्य मी ‘आमच्या बापाच्या आधीचा’ असं वाचतो, आणि तेवढं ते बहुतेक खरं असतं.

त्याच म्हाताऱ्यांकडे पुन्हा जा, पण ‘किती जुना’ हे विचारू नका. विचारा, कोणत्या घाटावर बांधायचे? वल्हवायचं कोण? उतरायचे किती पैसे, की वर्षाचं धान द्यायचे? विकत घेतला तर किती खंडी धानाला? कोणाच्या लग्नाची वरात यातून आली का? मालगुजारी गेली तेव्हा होता का? महाराष्ट्र झाला तेव्हा? गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, त्या वेळी पाण्यात होता की कोठ्यात? रपटा (पाण्याजवळचा ठेंगणा पूल) किंवा पूल झाल्यावर किती दिवस चालला? अशा प्रश्नांना माणूस अंदाज करत नाही, आठवतो. आणि ढिवर वस्तीत नक्की जा. डोंगा तुमच्या मामांच्या कोठ्यात असला तरी चालवणारे हात बहुधा त्यांच्या घरातले होते. तिथल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. मासे घेऊन बाजारात त्या जात, पलीकडच्या गावचे हिशोब त्यांना पाठ असतात. जाताना डोंग्याचे फोटो मोठ्या कागदावर छापून न्या. मोबाईल पाहून लोक मान डोलावतात, कागद हातात आला की बोट ठेवून बोलतात.

कागदपत्रं शेवटी, नावं हाती आल्यावर. १८७८ चा उत्तर हिंदुस्थानातल्या उतारघाटांचा कायदा मध्य प्रांतालाही लागू होता. सार्वजनिक घाटाच्या वसुलीचा लिलाव व्हायचा, ठेकेदाराचं नाव नोंदलं जायचं. हे कागद आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे, १९४८ नंतर काही जनपद सभांकडे (तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडे), १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे, असे फिरले आहेत. त्यामुळे भंडाऱ्याच्या अभिलेख कक्षात नाही मिळाले तर नागपूरच्या पुराभिलेखागारात पाहा. अर्जात ‘डोंगा’ लिहाल तर कारकून हसेल. घाटाचं नाव, मौजा आणि अंदाजे वर्ष लिहा. गावाचा वाजिब-उल-अर्ज (गावातल्या रूढी-हक्कांची नोंद) आणि निस्तार पत्रकही (गावकऱ्यांच्या चराई-सरपणाच्या हक्कांची नोंद) मागा. तलावात मासेमारीचा हक्क कोणाचा हे वाजिब-उल-अर्जात असतं, आणि डोंगा तलावातला निघाला तर तोच कागद कामी येतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंची नकाशांवर उतारघाट दाखवलेले आहेत. पवनीचा भाग ५५ पी या शीटमध्ये येतो. त्यावर तुमच्या गावाजवळचे घाट मोजून घ्या, दोन-तीनपेक्षा जास्त नसतील.

आत्तापर्यंतच्या फोटोंवरून माझं मत विचाराल तर: वैनगंगेच्या एखाद्या उतारघाटावर जोडीने चालणारा डोंगा, पत्र्याच्या डब्यांच्या जमान्यात दुरुस्त केलेला, पूल-रपटा झाल्यावर डोणी झालेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातला असावा. ठिगळाखालची अक्षरं निघाली तर हे मत बदलायला मी तयार आहे.

व्यापाऱ्याला तूर्त थांबवा. माहिती जुळण्याआधी विकलेला डोंगा हॉटेलच्या दारात ‘पुरातन’ म्हणून उभा राहतो आणि त्याची खरी ओळख तिथेच संपते. शिवाय दोन कायदेशीर गोष्टी आहेत. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. लाकूड साग निघालं तर गावाबाहेर हलवण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात टीपी (वाहतूक परवाना) लागते का ते लेखी विचारून घ्या, नाक्यावर वाद घालण्यापेक्षा बरं. द्यायचाच असेल तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला, आपल्या अजब बंगल्याला, आधी पत्र टाका.

तोवर डोंगा विटांच्या तीन ओळींवर, जमिनीपासून वीतभर उंच, सावलीत ठेवा. उन्हात काढलात तर आठवड्याभरात तडे जातील. उधळी (वाळवी) लागली असेल तर औषध लाकडावर फवारू नका, विटांच्या भोवती जमिनीत घाला. आणि शाबूत टोकाचे आडव्या उजेडातले फोटो, चारही भोकांच्या आतल्या कडा आणि तळाचा पूर्ण फोटो पट्टी ठेवून पाठवा. त्यावर पुढचं सांगतो.